ठेवीतल्या शिव्या

शिव्या द्यायला शिकायचं असेल तर माझ्याकडं या! ही फुशारकी नव्हे. आमच्या सोमवारच्या बाजारात कुणालाही विचारून बघा. सायकलींची पंक्चर काढणारे तिथं चारजण आहेत, पण झुमाना डेंबेले एकच. माझं तोंड सुरू झालं की मिरच्या विकणाऱ्या बायका तराजू खाली ठेवतात आणि पुढं येऊन बसतात.

आता लगेच कानावर हात ठेवू नका. मी काही येईल त्याच्यावर बरसणारा माणूस नव्हे. आम्ही डेंबेले फक्त कोने मंडळींना शिव्या देतो आणि कोने आम्हाला. पूर्वजांनीच तसं ठरवून ठेवलंय. डेंबेलेनं कोनेला पळून गेलेला गुलाम म्हणायचं, कोनेनं डेंबेलेला गाढव म्हणायचं, आणि जो चिडला तो हरला! त्यातली आमची सगळ्यात लाडकी शिवी म्हणजे 'चवळीखाऊ'. तशी चवळी अख्ख्या माली देशात सगळेच खातात. मीही खातो, पण दाराला कडी लावून.

गेल्या वर्षी एक कोने आजोबा वारले, तेव्हा मी त्यांच्या कबरीत जाऊन आडवा झालो. "आधी मला कोंबडा द्या, मग म्हाताऱ्याला जागा देतो!" रडता रडता घरची माणसं हसायला लागली. कोंबडा मिळाला, आजोबांनाही जागा मिळाली. त्यांची विधवा अजून मला रस्त्यात बघितलं की पदरात तोंड लपवून हसते. याला म्हणतात नातं!

तर असा मी. आणि त्या सोमवारी सकाळी माझ्या आईनं मला समोर बसवून सांगितलं, "आज तोंड उघडायचं नाही."

तिच्या मांडीवर ओल्या पानांत बांधलेलं पुडकं होतं. आत दहा कोला-फळं, टपोरी, तांबडी आणि पांढरी. चघळायला आम्ही ती रोजच घेतो, पण अशी निवडून, मोजून पानात बांधली की ती मागणीची.

"फोदे सामाके आज बहिणीकडं उतरलेत, बाजाराच्या मागच्या आळीत," आई म्हणाली. "मासितान तुला बाजारात गाठेल. दुपारच्या नमाजानंतर तिच्याबरोबर जायचं, पुडकं त्यांच्यापुढं ठेवायचं, मी शिकवलेली तीन वाक्यं बोलायची आणि परत यायचं. सोयऱ्यापुढं मान खाली, आवाज खाली. चौथं वाक्य बोललास तर घरी येऊ नकोस!"

मासितान ही आमच्या घराण्याची भाटीण. सोयरिकी जुळवणं, भांडणं मिटवणं आणि थोरामोठ्यांचे पोवाडे गाणं हे तिचं पिढीजात काम. तिच्याशिवाय आमच्याकडं पान हलत नाही.

"आई, मी काय लहान आहे का?" मी म्हणालो. वय बेचाळीस!

"लहान असतास तर बरं झालं असतं. तोंडात बोळा कोंबून पाठवला असता."

दारात माझा धाकटा भाऊ ब्रेहिमा उभा होता. मागणी त्याचीच होती. फोदे सामाकेंची तेनिम्बा त्यानं दोन वर्षांपूर्वी नदीच्या उतारावर पाहिली आणि तेव्हापासून पोरगा जेवणात मीठ आहे का नाही तेसुद्धा सांगू शकत नव्हता. पण बाप खमका. शिवाय शहरातल्या एका टायरवाल्यानं तिच्यासाठी दोनदा निरोप धाडला होता. आज आमची कोला परत आली, की तेनिम्बा टायरवाल्याच्या घरात जाणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं.

"दादा," ब्रेहिमा म्हणाला आणि त्यानं माझ्या हातात शेंगदाण्यांची पुडी ठेवली. "सतत खात राहा. तोंड मोकळं ठेवू नकोस."

"अरे, माझ्यावर विश्वास आहे का नाही?"

"आहे ना! म्हणून तर दोन पुड्या आणल्यात."

त्याचा चेहरा इतका केविलवाणा होता, की मी मनात शपथ घेतली. आज झुमाना मुका! सायकलींची टपरी बंद ठेवली, निळा लांब झगा चढवला आणि छातीवरच्या खिशात पुडकं ठेवलं. तो खिसा एवढा मोठा आहे की त्यात कोंबडीसुद्धा संसार थाटेल. फोदेबाबांना मी कधी पाहिलं नव्हतं. ते नदीपलीकडचे, त्यांचा बाजार गुरुवारचा. पण मासितान बरोबर असणार, मग चिंता कसली?

बाजारात पोचलो तर मासितानचा पत्ता नव्हता. कुणाच्या तरी बारशात गात बसली होती. मी शेंगदाणे खात फिरू लागलो. गाढवगाड्यांतून बाजरीची पोती उतरत होती, शियाच्या बियांच्या लोण्याचे गोळे उन्हात घाम गाळत होते, कुंभारणी मडक्यांवर टिचक्या मारून गिऱ्हाईक बोलवत होत्या. लोक हाका मारत होते, "झुमाना, आज गप्प का रे? दात दुखतो का?" मी नुसता हात हलवत होतो. पहिली पुडी संपली. दुसरीही अर्धी झाली. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

एवढ्यात चवळीची भजी तळणाऱ्या सोकोनानं झारा हलवून मला बोलावलं.

"झुमाना, कळलं का? नवीन कोने आलाय बाजारात! झांगा कोने. उत्तरेकडचा आहे म्हणे. सावरीच्या झाडाखाली काळा मेंढा घेऊन बसलाय."

मी शेंगदाणे चावत राहिलो.

"तो काय म्हणाला, सांगू?"

मी मान हलवली. नको!

"म्हणाला, इथल्या डेंबेल्याची फार कीर्ती ऐकली होती. पण आम्ही आलो म्हटल्यावर टपरीला कुलूप लावून पळाला वाटतं!"

शेंगदाणा माझ्या घशात अडकला.

"पळाला? मी? कुलूप लावून?"

"मला काय माहीत बाई," सोकोना भजी उलटत म्हणाली. "सगळा बाजार हसत होता एवढं खरं."

आता तुम्हीच सांगा! आईनं सोयऱ्यापुढं गप्प राहायला सांगितलं होतं. कोनेपुढं गप्प राहायला कुठं सांगितलं होतं? आणि नमाजाला अजून वेळ होता. दोन शिव्या द्याव्यात, चार हशे घ्यावेत आणि तोंड पुसून मागणीला जावं, एवढाच माझा साधा विचार होता.

सावरीच्या झाडाखाली गेलो. काळा मेंढा होता. मेंढ्याच्या गळ्यात दोर होता. दोराचं दुसरं टोक एका म्हाताऱ्याच्या मुठीत होतं. म्हातारा चटईवर ताठ बसलेला, पांढरी दाढी, भरतकामाची टोपी, चेहऱ्यावर एकही सुरकुती हलत नव्हती. आमच्याकडं रीत अशी, की आधी समोरच्याला कुळनाव विचारायचं आणि मग खेळ सुरू करायचा. पण इथं विचारायचं काय? झाड तेच, मेंढा काळा, दोर हातात!

"काय रे चवळीखाऊ!" मी अशी आरोळी ठोकली की झाडावरचे पक्षी उडाले. "पहाटेपासून शोधतोय तुला! माझ्या गोठ्यातून पळालास आणि इथं चटई टाकून बसलास होय? लोकहो, हा माझा गुलाम बघा! याच्या आज्याला माझ्या आज्यानं पोतंभर चवळीत घेतला होता, आणि आता घेणारा ती चवळी परत मागतोय!"

हां हां म्हणता माणसं गोळा झाली. म्हातारा काही बोलेना. नुसता माझ्याकडं बघत राहिला.

मला वाटलं, वा! काय कसलेला गडी आहे! न बोलता खेळणारा कोने मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला आणखी चेव आला. मी त्याच्या चटईवर बसकण मारली. त्याच्या डोक्यावरची टोपी उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. त्याच्या पेल्यातला चहा पिऊन टाकला.

"पोट बघा, पोट! घड्यासारखं! आत नुसती चवळी फुगतेय! आणि हा मेंढा कुणाचा रे? माझाच! गुलामाची मालमत्ता ती धन्याची!" मी त्याच्या हातातून दोर काढून घेतला. त्यानं तो दिलासुद्धा! "आणि तुला लेक आहे का रे? असली तर सांग! वाडगाभर चवळी देऊन घेऊन जातो! तुझ्या घरची पोरगी, त्याच्यापेक्षा जास्त कोण देणार?"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. कुणालाही शंका आली नाही. कशी येईल? डेंबेले असं बोलतोय म्हणजे समोर कोनेच असणार. नाहीतर शुद्धीवरचा माणूस पिकल्या दाढीशी असं बोलेल का?

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "कोण रे तू, बाळ?"

याचीच तर मी वाट बघत होतो! उठून उभा राहिलो, झगा झटकला. "झुमाना! डेंबेल्यांचा! सिराबूगूचा! थोरला मी, आणि धाकटा माझा भाऊ ब्रेहिमा. अख्ख्या गावात असं घराणं नाही!"

म्हाताऱ्याची उजवी भुवई वर गेली. तेवढीच.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि मासितानचा खणखणीत आवाज आला. "सामाके! हत्तीच्या कुळातले सामाके! नदीपलीकडची सावली! फोदे सामाके, ज्यांच्या दारातून उपाशी कुणी गेला नाही..." ती दोन्ही हात पसरून गात गात म्हाताऱ्यापुढं गुडघ्यावर बसली. मग तिनं मान वर केली आणि ती मला दिसली. म्हणजे मी तिला दिसलो.

"झुमाना," ती हळूच म्हणाली, "तुझ्या डोक्यावर टोपी कुणाची आहे?"

खरंच सांगतो, मला त्या क्षणी माझी भीती वाटली नाही. मला ब्रेहिमा दिसला, दारात उभा असलेला, शेंगदाण्यांची पुडी घेऊन. पोरानं दोन वर्षं जपलेलं सगळं मी एका चहाच्या पेल्यात बुडवलं होतं. मी धाडकन फोदेबाबांच्या पायांवर पडलो.

"बाबा, चुकलो! बाबा, मी तुम्हाला कोने समजलो!"

"मग हा मेंढा तुमच्या हातात कसा होता?" मी पायांवरूनच विचारलं.

"नमाजापर्यंत इथं सावलीला बसलो होतो. शेजारच्यानं जरा दोर धरायला सांगितला," फोदेबाबा शांतपणे म्हणाले. "म्हणाला, एका डेंबेल्याला शोधून येतो. मी धरला."

बाजारात कुणी म्हणालं 'जरा बघा हो', की नाही म्हणायचं नसतं. शेजारच्याचा माल आपल्या पोटच्या पोरासारखा सांभाळायचा. हे मला, बाजारात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला, सुचू नये!

"कोला कुठंय?" मासितान म्हणाली. "काढ कोला! आत्ताच्या आत्ता पुढं ठेव आणि क्षमा माग!"

मी छातीवर हात मारला. खिसा रिकामा! पायांवर पडताना पुडकं निसटलं होतं. आम्ही तिघांनी एकदमच मेंढ्याकडं पाहिलं. त्याच्या तोंडातून हिरव्या पानाचं टोक बाहेर लोंबत होतं आणि तो डोळे मिटून चघळत होता.

"अरे थांब, मागणी आहे ती!" मी त्याच्यावर झेप घेतली. मेंढ्यानं उडी मारली, दोर सुटला, आणि आमची सोयरीक जबड्यात धरून तो बाजारात घुसला.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. तो मिरच्यांच्या ढिगातून गेला, मीही गेलो. तो मडक्यांमधून एकही न फोडता गेला. माझ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही. सोकोनाच्या चुलीला वळसा घालून तो माझ्या बंद टपरीकडं पळाला आणि तिथं उभ्या असलेल्या एका धिप्पाड माणसाच्या पोटावर जाऊन आदळला. त्यानं मेंढ्याची शिंगं धरली. मी त्या माणसाची बाही धरली. शिंका देत देत मी सगळी हकीकत सांगितली.

तो माणूस आधी हसला, मग रडला, मग जमिनीवर बसून पुन्हा हसला.

"म्हणजे तू झुमाना! मी झांगा कोने! गाढवा, मी तुला इथं शिव्या द्यायला आलो, आणि तू माझ्या शिव्या दुसऱ्यालाच देऊन आलास?"

"लेका, हसतोस काय! माझ्या भावाचं लग्न मोडलं!"

झांगाचं हसू थांबलं. त्यानं मेंढ्याकडं पाहिलं. मेंढ्यानं शेवटचा घास गिळला. "आणि मागणी माझ्या मेंढ्यानं खाल्ली," तो म्हणाला. "चल!"

सावरीखाली सगळा बाजार लोटला होता. फोदेबाबा तसेच ताठ बसले होते. मी त्यांची टोपी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं ठेवली आणि मान खाली घालून उभा राहिलो. झांगा पुढं आला, रीतसर वाकला, आणि कमरेवर हात ठेवून चढ्या आवाजात म्हणाला, "बाबा, माझा मेंढा मिळाला. पण माझा बाकीचा माल कुठंय?"

"कसला माल?" फोदेबाबांनी विचारलं.

"माझ्या शिव्या! माझ्या जागेवर, माझ्या मेंढ्याच्या नावानं, एका डेंबेल्यानं आणून टाकलेल्या. तुम्ही माझी जागा सांभाळत होता. मेंढा जसा माझा, तशा शिव्याही माझ्या. तुमच्या वाट्याची त्यात एकही नाही. तुम्ही घरी घेऊन जाणार असाल तर मी सगळ्या बाजाराला सांगेन, की सामाक्यांकडं ठेव ठेवू नका!"

मासितानचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तिच्या आयुष्यात इतकं चांगलं वाक्य दुसऱ्या कुणी बोललं नसावं.

फोदेबाबांनी दाढीवरून हात फिरवला. "एखादी मी ठेवून घेतली, तर ती चोरी होईल म्हणतोस?"

"उघड उघड चोरी!"

फोदेबाबा उठले. टोपी झटकून डोक्यावर घातली, घसा साफ केला आणि मशिदीत बांग द्यावी तशा गंभीर आवाजात म्हणाले, "पहिली. चवळीखाऊ."

झांगानं छातीवर हात ठेवला. "मिळाली."

"दुसरी. पळालेला गुलाम."

"मिळाली."

"तिसरी. पोट रांजणासारखं."

"घड्यासारखं, बाबा," मी खालच्या मानेनं म्हणालो.

"बरोबर, घड्यासारखं. चौथी. तुझ्या आज्याला पोतंभर चवळीत घेतला होता, आणि आता घेणारा ती चवळी परत मागतोय." इथं त्यांच्या मिशा थरथरल्या. "पाचवी. तुझं तोंड तुझ्या मेंढ्याच्या मागच्या बाजूला शोभेल असं आहे."

"ही मी दिली नव्हती!" मी दचकून म्हणालो.

"एवढा वेळ माझ्यापाशी होत्या," फोदेबाबा म्हणाले. "एक पिल्लू झालं."

मग मात्र बाजार फुटला! बायका मांड्या बडवत होत्या, झांगा मेंढ्याच्या गळ्यात पडून हुंदके देत हसत होता. मीही हसलो. फोदेबाबांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"एक राहिली," ते म्हणाले, आणि माझ्याकडं वळले. माझं हसू तिथंच थिजलं. "वाडगाभर चवळी देऊन लेक घेऊन जातो म्हणालास. ती मी झांगाला देत नाही. झांगाला लेक आहे का नाही मला माहीत नाही. मला आहे. ती शिवी नव्हती, तो शब्द होता. चारशे माणसांत दिलास. आता पाळ."

मला काहीच कळेना. मासितानला कळलं. तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की त्याचा वळ आठवडाभर होता. "पळ, मुडद्या! चवळी आण!"

सोकोनाकडून उकडलेल्या चवळीचा वाडगा आला, वर तळलेला कांदा. फोदेबाबांनी तो चटईवर मधोमध ठेवला. एका बाजूला झांगाला बसवलं, दुसऱ्या बाजूला मला.

"कोला मेंढ्यानं खाल्ली. तेव्हा आज चवळीच खाऊ. उद्या कोला रीतसर घरी येऊ दे. चल, पहिला घास तुझा."

भर बाजारात! डेंबेल्यानं! चवळी! मी डोळे मिटले, ब्रेहिमाला आठवलं आणि घास घेतला. चारशे माणसं एका सुरात ओरडली, "चवळीखाऊ!" त्या गोंगाटात फोदेबाबा माझ्या कानाशी वाकले. "बाळ, हसू दाबता दाबता माझ्या बरगड्या दुखायला लागल्या होत्या. पण मुलीचा बाप. हसून चालतंय होय? तो टायरवाला दोनदा आला. त्याच्या घरात कुणी हसतच नाही."

घरी सांगितलं तेव्हा ब्रेहिमानं मला उचलून अंगणभर फिरवलं. चार महिन्यांनी लग्न झालं. तेनिम्बा आता आमच्या अंगणात बाजरी कांडते आणि ब्रेहिमाला जेवणातलं मीठ पुन्हा कळायला लागलंय. मी त्या दोघांकडं बघतो आणि माझं मन भरून येतं. सगळं चांगलं झालं.

फक्त एकच झालं. फोदेबाबा आता सोयरे. त्यांच्यापुढं मान खाली, आवाज खाली, जन्मभर. आणि त्यांना आमचा सोमवारचा बाजार आवडायला लागलाय! दर सोमवारी येतात, सावरीखाली झांगाला खेटून बसतात. झांगा त्यांच्या खांद्याआडून मला हाका मारतो, "ए गाढवा! ए चवळीखाऊ! जीभ मेंढ्यानं खाल्ली का रे तुझी?" शंभर उत्तरं माझ्या ओठांवर येतात. मी पुढं होतो, वाकतो आणि म्हणतो, "बाबा, आज ऊन फार आहे."

परवा मात्र फोदेबाबा तंबाखू आणायला उठले. मी टपरीतून बघतच होतो! हातातली ट्यूब टाकली आणि सावरीकडं धूम ठोकली. पाच महिन्यांचं साठलेलं होतं पोटात! छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं...

"वहिनी," झांगा मागं वळून गोड आवाजात म्हणाला, "जरा माझा दोर धरा हो!"

आणि झाडामागून तेनिम्बाच्या आई पुढं आल्या, झांगाच्या शेजारी चटईवर बसल्या आणि त्यांनी दोर हातात घेतला.

उघडलेलं तोंड मोठी जांभई देऊन मिटवलं, हो! दुसरं काय करणार?